अंगावर पाजत असूनही वजन का वाढते? बाळंतिणीच्या दुधाचा आणि ताटाचा हिशेब

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपले वय २९ वर्षे, उंची पाच फूट दोन इंच, हे पहिले बाळंतपण, प्रसूती सिझेरियनने झाली आणि बाळ आता चार महिन्यांचे असून केवळ अंगावरच्या दुधावर आहे. गरोदर राहण्यापूर्वी आपले वजन ५८ किलो होते, प्रसूतीच्या आदल्या आठवड्यात ते ७१ झाले, सहाव्या आठवड्याच्या तपासणीला ६३ भरले आणि आज ६६ आहे. पाजणाऱ्या आईचे वजन आपोआप उतरते असे सगळे सांगत असताना आपले का चढते आहे, खाणे कमी केले तर दूध आटेल का, आणि मैत्रीण म्हणते त्याप्रमाणे बाळाचे दूध सोडवले की वजन उतरेल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. दिवसभराच्या खाण्याची यादीही सोबत दिली आहे हे फार बरे केले, कारण उत्तराचा मोठा भाग त्या यादीतच आहे.

माझे मत आधी सांगते. स्तनपानाने वजन वाढत नाही. वजन वाढते ते दूध कमी पडेल या धास्तीने बाळंतिणीला जे जास्तीचे खाऊ घातले जाते त्याने, आणि ही धास्ती बहुतेक वेळा निराधार असते. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या शहरी, सुस्थितीतल्या घरांतील बाळंतिणींमध्ये हे चित्र इतके नेहमीचे आहे की सहाव्या आठवड्यानंतर चढणाऱ्या वजनाची चौकशी मी रक्ततपासणीपासून न करता लाडवांच्या डब्यापासून करते.

गरोदरपणात आपले वजन १३ किलोंनी वाढले. त्यात बाळाचे सुमारे तीन किलो, वारेचे अर्धा ते पाऊण किलो आणि गर्भजलाचे जवळपास तेवढेच किंवा थोडे अधिक, असे साडेचार-पाच किलो प्रसूतीच्या वेळीच उतरतात. गरोदरपणात वाढलेले रक्त आणि अंगात साठलेले पाणी पुढच्या एक-दोन आठवड्यांत लघवी व घामावाटे निघून जाते. सिझेरियनमध्ये शिरेतून सलाइन दिलेले असल्याने पहिल्या आठवड्यात पाय सुजतात आणि वजन उतरल्यासारखे वाटत नाही, पण तेही पाणीच असते. (या सुजेबरोबर तीव्र डोकेदुखी असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर मात्र ती साधी सूज नव्हे, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.) गर्भाशय प्रसूतीनंतर लगेच किलोभर वजनाचे असते आणि सहा आठवड्यांत ६०-७० ग्रॅमांवर येते. हे सगळे वजा जाता सहाव्या आठवड्याला आपल्या अंगावर पाच किलो उरले होते. त्यातला थोडा भाग दुधाने भरलेल्या स्तनांचा आणि उरलेली बहुतेक चरबी, तीही मुख्यतः मांड्या आणि नितंबांवरची. गरोदरपणात शरीर तीन-चार किलो चरबी मुद्दाम साठवते, कारण पुढच्या काही महिन्यांत दूध तयार करण्यासाठी ती खर्चायची असते. म्हणजे ६३ पर्यंतचा आपला प्रवास अगदी शिस्तीत झालेला आहे, आणि प्रश्न आहे तो फक्त त्यानंतरच्या तीन किलोंचा.

पूर्ण अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते. १०० मिलिलिटर आईच्या दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात, म्हणजे बाळाच्या पोटात रोज सुमारे ५०० कॅलरी जातात, आणि ते दूध तयार करण्यातच आणखी शंभरेक कॅलरी खर्च होतात. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींत पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने जास्त घ्यायला सांगितलेली आहेत, तर पुढच्या सहा महिन्यांत हाच आकडा ५२० कॅलरींवर येतो. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. चरबीचा साठा अंगावर असलेल्या आईला हा सगळा खर्च ताटातूनच भरून काढण्याची गरज नसते. रोजच्या दीडशे-पावणेदोनशे कॅलरी त्या साठ्यातून गेल्या तर महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वजन उतरते, आणि पोषणशास्त्रात हाच वेग स्वाभाविक मानला जातो. आपल्या बाबतीत असे झाले असते तर आज काट्यावर ६१ दिसायला हवे होते.

आता आपली यादी पाहू. सकाळी डिंकाचा लाडू आणि पेलाभर म्हशीचे दूध, दुपारच्या जेवणात भातावर व भाकरीवर मिळून चार चमचे तूप, चार वाजता अळिवाची खीर, रात्री निजताना मेथीचा लाडू आणि पुन्हा पेलाभर दूध. हे सगळे दोन्ही वेळच्या पूर्ण जेवणाव्यतिरिक्त आहे. मध्यम आकाराचा, चाळीसेक ग्रॅमचा डिंकाचा लाडू तूप, गूळ, खारीक आणि सुक्या खोबऱ्याने बांधलेला असतो, त्यामुळे त्यात दोनशेच्या आसपास कॅलरी भरतात, आणि मेथीचाही हिशेब फार वेगळा नसतो. साखर घातलेल्या म्हशीच्या दुधाच्या पेल्यात दोनशे ते सव्वादोनशे, वाटीभर खिरीत दोनशे, चार चमचे तुपात १८०. बेरीज अकराशे-बाराशे होते. जास्तीची गरज ६०० ची, तीही साठ्यातून काहीच खर्चायचे नाही असे धरून. एवढे खाल्ल्यावर जेवण थोडे कमी जात असेल हे मान्य केले तरी रोज तीनशेच्या आसपास कॅलरी शिल्लक पडतात. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणून रोजच्या तीनशेंनी अडीच महिन्यांत तीन किलो जमतात. आपला काटा नेमके तेच दाखवतो आहे. आकडे दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतील, पण निष्कर्ष बदलणार नाही.

यावरून आपल्या आईंनी चूक केली असे मात्र कोणी समजू नये. बाळंतविड्याची आपली पद्धत ज्या काळात घडली त्या काळी बाई गरोदरपणातही शेतात राबत असे, एकामागून एक बाळंतपणे होत, एरवी तिच्या वाट्याला तूप-गूळ क्वचितच येई, आणि सव्वा महिना संपला की ती पुन्हा जात्याला आणि विहिरीला जुंपली जाई. त्या चाळीस दिवसांत तिच्या अंगावर चार पैशांचे मांस चढावे म्हणून डिंक, खारीक, खोबरे, खसखस यांचा मारा होता आणि तो योग्यच होता. अळिवात लोह भरपूर असते, मेथी-शेपूच्या भाजीने पोट साफ राहते, लसणाची चटणी आणि बाजरीची भाकरी तर आजही उत्तम आहेत. बिघडले आहे ते प्रमाण आणि मुदत. सव्वा महिन्याचे खाणे आता सहा-आठ महिने चालते, माहेरचे डबे संपले की सासरचे सुरू होतात, ते दोन्ही संपले की बाळंतिणीचे लाडू घरपोच देणारे आहेतच, आणि खाणारी बाई चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असते.

आता दुसरा प्रश्न, दूध आटण्याचा. दूध किती तयार व्हावे हे आई किती खाते यावरून फारसे ठरत नाही. बाळ किती वेळा आणि किती चांगले ओढते, स्तन किती रिकामे होतात यावरून ते ठरते. बाळ ओढू लागले की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते व दूध तयार होते, ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक स्रवते आणि पान्हा फुटतो. स्तनात दूध साचून राहिले की निर्मिती आपणहून मंदावते. म्हणून वरच्या दुधाची बाटली दूध कमी करू शकते, रात्रीचे पाजणे बंद केल्यानेही ते कमी होऊ शकते, पण निजतानाचा मेथीचा लाडू बंद केल्याने होत नाही. याची पारखही झालेली आहे. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वजन जास्त असलेल्या आणि केवळ अंगावर पाजणाऱ्या चाळीस माता होत्या. त्यांच्यापैकी एका गटाने बाळ महिन्याचे झाल्यापासून दहा आठवडे रोजच्या आहारातून ५०० कॅलरी कमी केल्या आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तास व्यायाम केला. त्यांचे वजन आठवड्याला सरासरी अर्धा किलोने उतरले आणि दोन्ही गटांतील बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. आपल्याला तर पाचशेही कमी करायचे नाहीत.

दूध पुरते आहे की नाही हे आईच्या ताटावरून किंवा बाळाच्या रडण्यावरून ओळखायचे नसते. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर लघवी, ओढताना गिळण्याचा आवाज, पाजून झाल्यावर मऊ पडलेले स्तन आणि वजनाच्या तक्त्यावर चढत जाणारी रेघ, एवढे असेल तर दूध पुरते आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला २५ ते ३० ग्रॅमने वाढते, पुढे हा वेग जरा कमी होतो, आणि नेमक्या त्याच सुमारास घरात ‘दूध कमी झाले’ अशी कुजबुज सुरू होते. चौथ्या महिन्यात स्तन पूर्वीसारखे गच्च भरत नाहीत, याचे कारण दूध आटले असे नसून ते बाळाच्या मागणीशी जुळले असे आहे.

याचा अर्थ बाळंतिणीने हवे ते डाएट करावे असा मुळीच नाही. पहिले सहा-आठ आठवडे वजनाचा विचारच करू नये; तो काळ टाके भरण्याचा आणि दूध स्थिरावण्याचा आहे. त्यानंतरही दिवसाचा आहार १,८०० कॅलरींच्या खाली नेऊ नये आणि आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवण्याचा हट्ट धरू नये. भात-भाकरी पूर्ण बंद करणारे कीटोसारखे प्रकार पाजणाऱ्या आईसाठी धोक्याचे आहेत. दुधातली साखर तयार करायला तिच्या शरीराला रोज ग्लुकोज लागते, ते ताटातून न मिळाल्यास रक्त आम्लधर्मी होऊन अतिदक्षता विभागात दाखल करावे लागलेल्या मातांची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. निर्जळी उपवास याच कारणाने टाळावेत. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर काढलेला उपवास वेगळ्या कारणाने टाळावा, कारण त्यात एरवीपेक्षा जास्त कॅलरी आणि कमी भाजी पोटात जाते. वजन उतरवणाऱ्या गोळ्या, इंजेक्शने आणि ‘फॅट बर्नर’ नावाने मिळणारी चूर्णे पाजत असताना घेऊ नयेत.

येथे हेही स्पष्ट करते की हे सगळे उत्तर आपल्यासारख्या, वजन वाढलेल्या बाळंतिणीसाठी आहे. महाराष्ट्रात प्रजननक्षम वयाच्या साधारण पाचांपैकी एक स्त्री आजही गरजेपेक्षा कृश आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या पाड्यावर ४० किलोची बाई जेव्हा बाळाला पाजते तेव्हा तिच्याकडे खर्चायला साठाच नसतो; दूध ती देतेच, पण स्वतःच्या अंगाचे देते आणि पुढच्या बाळंतपणाला आणखी अशक्त होऊन सामोरी जाते. अशा मातांना अंगणवाडीतून रोज एक पूर्ण गरम जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने आदिवासी भागांत २०१५ मध्ये सुरू केली ती याचसाठी. तेथे डिंकाच्या लाडवाला कोणी ना म्हणू नये.

मग ‘पाजल्याने वजन उतरते’ हे खोटे आहे का? खोटे नाही, पण जेवढे सांगितले जाते तेवढे मोठेही नाही. डेन्मार्कमधील हजारो मातांच्या पाहणीत, ज्यांनी गरोदरपणात बेताचे, म्हणजे १२ किलोंच्या आसपास वजन वाढवले आणि सहा महिने पूर्ण अंगावर पाजले, त्यांच्यापैकी अनेकींचे वजन सहा महिन्यांत पूर्ववत होऊ शकते असे दिसले. मात्र प्रोलॅक्टिन भूकही वाढवते, आणि पाजताना लागणारी तहान पाण्याऐवजी गोड दुधाने भागवण्याची सवय लागते, त्यामुळे झालेला खर्च पुन्हा भरून निघतो. काही बायकांचे वजन पहिल्या तीन महिन्यांत झरझर उतरते, काहींचे बाळ उष्टावल्यावर उतरू लागते आणि काहींच्या अंगावरचे शेवटचे दोन-तीन किलो पाजणे पूर्ण थांबेपर्यंत हलत नाहीत. सख्ख्या बहिणींतही हा फरक दिसतो. म्हणून आपल्या काट्याची तुलना मैत्रिणीच्या काट्याशी करू नये.

त्याच मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल बोलायचे तर दूध सोडवून वजन उतरवण्याचा विचार हिशेबात कुठेच बसत नाही. दूध थांबले की रोजचा पाच-सहाशे कॅलरींचा खर्च त्याच दिवशी थांबतो, खाण्याची सवय मात्र महिनाभर तरी तशीच राहते. पाजताना मांड्यांवरची चरबी तुलनेने सहज सुटते, तीही सोय जाते. याच कारणाने मला सहाव्या महिन्यानंतरचा काळ अधिक काळजीचा वाटतो. बाळ नाचणीची पेज आणि मऊ भात खाऊ लागते, दूध हळूहळू कमी पिते, आई कामावर रुजू होते (२०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, ती संपण्याची वेळ साधारण हीच), आणि ताट मात्र पहिल्या महिन्याचेच राहते. शिवाय बाळाचे उरलेले घास आईच्याच पोटात जातात. बाळ जसजसे वरचे खाऊ लागेल तसतसे आपले जास्तीचे खाणे कमी व्हायला हवे.

पोट बांधण्याविषयी आपण ओझरते विचारले आहे. सिझेरियननंतर पट्ट्याने आधार वाटतो, उठता-बसता टाका ओढत नाही, त्यासाठी काही आठवडे बांधायला हरकत नाही, पण पट्ट्याने चरबी वितळत नाही आणि फार आवळून बांधल्यास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर दाब येतो. पुढे आलेले पोट नेहमी चरबीचेच असते असेही नाही. उताणे झोपून मान किंचित उचलावी आणि बेंबीजवळ मध्यरेषेत बोटे ठेवून पाहावे. दोन बोटांहून रुंद खाच लागली तर पोटाचे स्नायू अजून जवळ आलेले नाहीत असे समजावे आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. तोवर उताणे झोपून धड उचलण्याचे (सिट-अपचे) व्यायाम करू नयेत. चालणे मात्र आजपासून सुरू करता येईल. झोपेचे बोलणे बाळंतिणीपुढे अवघड असते हे मला कळते, परंतु दिवसभरात मिळून पाच तासही झोप न मिळणाऱ्या मातांचे वजन उतरणे अवघड जाते असे अभ्यासांत दिसले आहे, तेव्हा रात्रीचे एक-दोन वेळचे लंगोट बदलणे बाळाच्या वडिलांनी करावे हा माझ्या लेखी वैद्यकीय सल्लाच आहे.

आपल्यासाठी नेमके असे सुचवते. दिवसाला एकच लाडू ठेवा, डिंकाचा किंवा मेथीचा, आणि तो सकाळी खा. अळिवाची खीर आठवड्यातून तीनदा, कमी गुळाची. तूप दिवसभरात मिळून दोन चमचे. दूध गाईचे किंवा साय काढलेले, बिनसाखरेचे. दोन पेले चालतील, कारण कॅल्शियमची गरज खरी आहे. कमी केलेल्या जागी दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, रोज एक अंडे किंवा पनीर, पालेभाजी आणि एक फळ घ्या. पाजायला बसताना पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. बाळाला बाबागाडीत घेऊन सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे चालून या. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, बाळाला पाजून झाल्यावर करा. आपल्या उंचीला ५७ किलोंपर्यंतचे वजन निरोगी मानले जाते, म्हणजे गरोदरपणापूर्वीच आपण त्या रेषेच्या किंचित वर होता. तेव्हा वर्षभरात ५८ गाठले तरी पुरेसे आहे, घाई नको.

एवढे दोन महिने नीट पाळूनही काटा हलला नाही, किंवा मधल्या काळात फार थकवा, केस गळणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ अशी लक्षणे दिसली, तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात साधारण वीसपैकी एका स्त्रीच्या थायरॉइडला सूज येते आणि चौथ्या ते आठव्या महिन्यात तिचे काम मंदावते. गर्भनिरोधनासाठी अंतरा इंजेक्शन घेतले असेल तर तेही सांगा, कारण काहींचे वजन त्याने वाढते आणि अशा वेळी तांबीसारखा दुसरा पर्याय निवडता येतो. गरोदरपणात साखर वाढलेली होती का, हे आपण लिहिलेले नाही. वाढली असेल आणि सहाव्या आठवड्याला ग्लुकोज पाजून करायची तपासणी राहून गेली असेल तर ती या आठवड्यातच करून घ्या. मन सतत उदास राहत असेल, रडू येत असेल आणि खाण्यानेच बरे वाटत असेल तर तेही संकोच न करता आपल्या डॉक्टरांना सांगा, कारण त्यावर पाजत असतानाही चालणारे उपचार आहेत. पुढच्या भेटीला स्वतःच्या वजनाच्या नोंदींबरोबर बाळाचे लसीकरणाचे कार्डही न्या. बाळाची रेघ चढती आणि आपली उतरती दिसली की लाडू कमी केल्याने दूध आटत नाही हे आईंनाही दाखवता येईल.